पाटणचे एकतीस टॉवेल

बाजी, काल तुझा दहावा झाला. कावळा लगेच शिवला. माहुलीच्या घाटावर भटजींनी पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच एक काळा धटिंगण झाडावरून उतरला आणि चोच मारून, शितं उडवून निघूनही गेला. पाच मिनिटंसुद्धा ताटकळावं लागलं नाही. लोक घड्याळं बघत आले होते, ते खूश झाले. "माणूस तृप्त गेला. कशात जीव न्हाई अडाकला," असं जो तो म्हणत होता. मी मागच्या पायरीवर बसलो होतो. मला बरं वाटायला पाहिजे होतं. खरं सांगू? मला राग आला. जरा तरी अडून बसायचंस की रं. तुझं काही राहिलं नव्हतं, मान्य. पण माझं राहिलं होतं, त्याचं काय?

मला रडता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. रडायची वेळ आली की मी भांडण काढतो. आता तू समोर नाहीस, म्हणून लिहून भांडतोय. अक्षर बघून हसू नकोस.

पलटणीतून सुटून आलेली माणसं काय करतात? कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर उभी राहतात, नाहीतर बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतात. तू पलटणीतला टेलर, मी डायव्हर. तुझ्या डोक्यात निघालं भरतकामाचं मशीन. मी म्हणालो होतो, "बाजी, मिशा बघ आपल्या. लोक काय म्हणतील?" तू म्हणालास, "मिशांनी थोडंच भरायचं हाय? मशीन भरतंय." झालं. पोवई नाक्याच्या खालच्या गल्लीत गाळा घेतला, बोर्डावर दोघांची नावं घातली आणि पहिल्या महिन्यात गल्लीनं आपल्याला 'फुलवाले फौजी' नाव ठेवलं. मी कॉम्प्युटरवर अक्षरं लावायची, तू कापड बसवायचं. असं बारा वर्षं चाललं.

आपलं पोट चाललं ते टॉवेलांवर. आपल्याकडं लग्न म्हटलं की टॉवेल-टोपी आलीच. मांडवात माइकवरून एकेका सोयऱ्याचं नाव पुकारायचं, त्याला पुढं बोलवायचं, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. त्या टॉवेलाच्या कोपऱ्यावर त्या सोयऱ्याचंच नाव भरून द्यायची टूम निघाली आणि आपल्याला दम खायला फुरसत मिळेना. ज्याचं नाव चुकलं तो रुसला, ज्याचं राहिलं तो जेवलाच नाही, अशा कितीतरी कथा आपल्या गाळ्यात बसून आपण ऐकल्या. मी हसायचो. तू हसायचा नाहीस.

टॉवेलासारखं लबाड कापड नाही, हे तूच मला शिकवलंस. वरून मऊ मऊ, पण अंगभर सुताचे बारके फासे उभे. नुसती सुई चालवली की टाके त्या फाशांत बुडून जातात. म्हणून खाली कागद आणि वर पन्नी. कागद म्हणजे कापड ओढू न देणारा जाड थर. मशीनच्या गोल रिंगेत टॉवेल आवळायचा नाही, कागद आवळायचा, त्यावर चिकट फवारा मारायचा आणि टॉवेल अलगद ठेवायचा, म्हणजे रिंगेचा वळ उठत नाही. आणि वरून ती पातळ पन्नी, पाण्यात विरघळणारी. ती फाशांना दाबून धरते, अक्षर तिच्यावर उमटतं. मग टॉवेल पाण्यात घातला की पन्नी गायब आणि अक्षर वर. मी तिला अंतरपाट म्हणायचो. काम होईस्तोवर धरायचा, मग कोण विचारतो? तू म्हणायचास, "अंतरपाटाबिगर लगीन लागतं का रं?"

आणि तुझी ती बादली. प्रत्येक लॉटमधला एक टॉवेल तू बादलीत बुचकळायचास, पिळायचास, फाडकन झटकायचास आणि दोरीवर टाकायचास. सुकल्यावर डोळे मिटून नावावरून बोट फिरवायचास. "धुवून बघितल्याबिगर माल द्यायचा न्हाई." गिऱ्हाईक नवा टॉवेल मागतंय, धुतलेला नाही, असं मी शंभरदा सांगितलं असेल. एकदा मी वैतागून विचारलं, टॉवेलावरचं नाव वाचतंय कोण? तोंड पुसतात त्याला. तेव्हा तू पलटणीतलं सांगितलंस. बर्फात टोपी, चष्मा, तोंडाला गुंडाळलेलं फडकं, सगळी माणसं सारखीच दिसायची. "छातीवरचं नाव बघूनच हाक मारायची, मारत्या. ते नाव मी शिवलेलं असायचं." मला ते पटलं नाही. डायव्हर माणूस मी. गाडी वेळेत सुटली पाहिजे, एवढंच मला कळतं.

आता पाटणच्या टॉवेलांकडं येतो. टाळून चालणार नाही.

पाटणच्या जगन्नाथरावांच्या मुलीचं लग्न. मुलाकडचे एकतीस मानकरी, एकतीस नावं. तू सांगलीला बहिणीकडं गेला होतास, तिच्या नातीच्या बारशाला. पन्नी संपली होती. पन्नीवाला सांगलीचाच. तुझा फोन आला, "दोन दिसांनी येताना रोल घिऊनच येतो. तवर टॉवेलाला सुई लावू नगं." मी हो म्हणालो. लग्नाला पाच दिवस होते, बाजी. थांबता आलं असतं. घाई होती म्हणून केलं असं मी सगळ्यांना सांगितलं असतं, पण तुला काय सांगू? घाई नव्हती. तुझ्या पन्नीवाचून होतं, हे मला तुला दाखवायचं होतं. बारा वर्षं 'पन्नी घाल, पन्नी घाल' ऐकून माझे कान किटले होते.

तर मी अक्कल लढवली. टॉवेलाच्या कोपऱ्यावर पाण्याचा फवारा मारला आणि त्यावर गरम इस्त्री दाबून फिरवली. फासे चपटे झाले, कापड पापडासारखं सपाट. त्यावर मशीन चालवलं आणि काय अक्षरं उठली म्हणतोस! एकतीसच्या एकतीस. मी स्वतःची पाठ थोपटली. तू यायच्या आत घड्या घालून, पिशव्यांत भरून जगन्नाथरावांच्या माणसाकडं देऊनही टाकले. तू आलास, खांद्यावर रोल. विचारलंस, "पन्नी कुठली घातली?"

"व्हती थोडी," मी म्हणालो.

तू माझ्याकडं बघितलंस आणि रोल फळीवर ठेवलास. तुला तेव्हाच शंका आली होती का? हे मला कधीच विचारता आलं नाही.

लग्नानंतर आठ दिवसांनी जगन्नाथराव गाळ्यात आले. हातात एक टॉवेल. नवऱ्यामुलाच्या थोरल्या चुलत्यांचा, वडूजच्या आबांचा. आबांनी तो एकदाच धुतला आणि चपटे केलेले फासे पाणी लागताच परत उभे राहिले. नाव पार आत गेलं. कुठं एक रेघ, कुठं एक टिंब. बाकीच्यांचंही तेच. आबांनी निरोप धाडला होता, "आमचं नाव एका धुण्यात पुसलं, एवढीच किंमत का आमची?" मुलगी सासरी जाऊन आठ दिवस झाले होते आणि तिला रोज हेच ऐकायला लागत होतं. जगन्नाथराव चिडलेले नव्हते. ते नुसते खाली बसले. चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

मी मशीनमागे स्टुलावर होतो. हातात कात्री, कुठल्यातरी टॉवेलाचे दोरे कापत होतो. तू तो टॉवेल घेतलास, डोळे मिटलेस, बोट फिरवलंस. तुला सगळं कळलं. पन्नी नव्हती, इस्त्री मारली होती, आणि मी खोटं बोललो होतो. तीनही गोष्टी त्या एका बोटाला कळल्या. तू माझ्याकडं बघितलंस. मी दोरे कापत राहिलो. मग तू उठलास, हात जोडलेस आणि म्हणालास, "चूक माझी हाय, जगन्नाथराव. मी पन्नी घातली न्हाई. एकतीसच्या एकतीस नवे करून देतो. आबांचा मी स्वतः नेऊन देतो."

ते गेल्यावर मी तुझ्यावरच चढलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"तुला कुणी सांगितलं व्हतं माझी चूक अंगावर घ्यायला? मोठेपणा पायजे व्हय?"

"बोर्डावर दोगांची नावं हायती. कुणाची का असंना."

"म्हंजे मी चोर आनि तू साव!"

तू कागद कापत होतास. मान वर न करता बोललास, "खोटं बोललास, चालतंय. पन्नी घातली न्हाईस, त्ये बी चालतंय. पर मारत्या, मी उठलो तवा तू उठला का न्हाईस?"

मी रागावलो. तीन आठवडे आपण बोललो ते एवढंच: "कात्री." "निळा धागा." "हे झालं." चहासुद्धा वेगवेगळा सांगत होतो आणि चहावाला पठ्ठ्या मुद्दाम दोन खेपा घालत होता. तू एकतीस टॉवेल एकट्यानं बसवलेस. मी फक्त कॉम्प्युटरवर नावं लावून दिली, तीही तुझ्याकडं पाठ करून. आबांचा टॉवेल घेऊन तू एका सकाळी वडूजच्या एस.टी.त बसलास, संध्याकाळी परत आलास. काय झालं, मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस. आपण दोघेही किती शहाणे!

शेवटच्या संध्याकाळी शटर ओढताना तू म्हणालास, "पन्नी संपली. सांगलीला रोल सांगितलाय. आला की स्टँडवरनं घिऊन ये." मी म्हणालो, "व्हय." दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या अमोलचा फोन आला की आण्णा उठेनात. तुझं-माझं शेवटचं बोलणं म्हणजे एका पन्नीच्या रोलबद्दल. आणि माझा शेवटचा शब्द 'व्हय'. बरं झालं, निदान 'न्हाई' तरी नव्हता.

तर काल घाटावर. कावळा शिवल्यावर लोक उठायला लागले, तेवढ्यात तुझ्या मेव्हण्यानं माइक हातात घेतला. दोन-चार जण तुझ्याबद्दल बोलले. कुणी तुझी देशसेवा काढली, कुणी तू निर्व्यसनी होतास म्हणून सांगितलं. माझी तंबाखू तू चोरून खायचास, हे मी पोटात ठेवलं. मग जगन्नाथराव उठले. मला ठाऊक नव्हतं ते आलेत म्हणून.

त्यांनी वडूजचं सांगितलं. तू आबांच्या दारात गेलास. आबा कट्ट्यावर बसलेले, पण त्यांनी 'या' म्हटलं नाही. तू उभाच राहिलास. मग आबांच्या सुनेकडं बादलीभर पाणी मागितलंस. नव्या टॉवेलावर अक्षरांच्या कडेला पन्नीचे तुकडे तसेच ठेवले होतेस. तो टॉवेल तू त्यांच्यासमोर बादलीत घातलास, चोळलास, पिळलास, झटकलास. पन्नी गेली. ओला टॉवेल दोन्ही तळहातांवर पसरून तू खाली वाकलास आणि म्हणालास, "वाचा, आबा." आबांनी चष्मा मागवला. स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं, बापाच्या नावासकट, आडनावापर्यंत. मग म्हणाले, "सूनबाई, पावन्याला च्या टाक."

जगन्नाथराव एवढं सांगून थांबले नाहीत. ते म्हणाले, "माझी पोर त्या दिवसापासनं त्या घरात सुखानं नांदतीया. माणसाच्या हातनं चूक हुती. बाजीरावांच्या हातनं बी झाली. पर चूक केलेला माणूस असा भरपाई करताना मी दुसरा बघितला न्हाई."

सगळ्यांनी माना हलवल्या. तुझा अमोल खाली बघत होता. त्याच्या बापाच्या हातून चूक झाली, असं त्याच्या बापाच्या दहाव्याला माइकवरून सांगितलं गेलं होतं. आणि ते खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे त्या सगळ्या घाटावर एकट्या मला माहीत होतं.

मला तुझा प्रश्न ऐकू आला असं काही मी म्हणणार नाही. असलं काही झालं नाही. माझा गुडघा दुखत होता आणि ऊन लागत होतं. पण उठलो. पायरीवर हात टेकून उठायला लागलं. पुढं गेलो.

"त्ये टॉवेल बाजीनं बिघडवलं न्हाईत. मी बिघडवलं. त्यो सांगलीला व्हता. पन्नी न्हाई म्हणून इस्त्री मारून मी भरलं, आनि त्याला खोटं सांगितलं. त्यानं चूक अंगावर घेतली तवा मी मागं बसून व्हतो."

जगन्नाथराव म्हणाले, "आवं बसा, बसा. आता कशाला त्ये?"

संताप आला मला. एवढ्या कष्टानं उठलो आणि हे म्हणतात बसा! मी म्हणालो, "बसतो. पर बाजीरावाच्या हातनं कवाच नाव बुडलं न्हाई, ह्ये आबांना सांगा. माझं नाव सांगून सांगा." ते म्हणाले, "सांगतो." मेव्हण्यानं माइक बंद केला. लोक गाड्यांकडं निघाले. कुणी माझ्या तोंडावर थुंकलं नाही, कुणी पाठ थोपटली नाही. दोघंतिघं आपसात विचारत होते, इस्त्री मारल्यानं काय होतं म्हणून. बस्स, एवढंच झालं. यासाठी मी तीन आठवडे तुझ्याशी अबोला धरला होता, बाजी. तू असताना हे दोन मिनिटांचं काम होतं.

रिक्षापाशी सुमन वहिनी थांबल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला आधी सांगाय पायजे व्हतं."

"मला ठावं व्हतं, भावजी."

"बाजी बोलला?"

"त्ये कुठलं बोलत्यात! तुमी तवापासनं घरी जेवायला आला न्हाई. त्यांची चूक असती तर तुमी रोज येऊन त्यांना चिडवलं असतं."

बारा वर्षांत मला कुणी इतकं नीट ओळखलं नव्हतं. तू सोडून.

आज सकाळी स्टँडवरून फोन आला. सांगलीचा रोल आलाय. पन्नीवाल्याकडं माल नव्हता, म्हणून इतका उशीर. पार्सलवाल्यानं चिठ्ठी वाचून विचारलं, "बाजीराव कोण?" मी म्हणालो, "मी न्यायला आलोय." त्यानं सही घेतली. रोल खांद्यावर टाकून गाळा उघडला. तुझं स्टूल होतं तिथंच होतं. मी ते हलवलं नाही. हलवणारही नाही, अडचण होते तरी.

परवा तुझा तेरावा. सोयरे दुखवट्याचे टॉवेल-टोप्या घेऊन अमोलला घालायला येतील. मी सोयरा नाही, भावकीतला नाही, माझा मान कुणी पुकारणार नाही. तरी मी एक टॉवेल करायचा ठरवला. पांढरा, जाड. रिंगेत कागद आवळला, फवारा मारला, टॉवेल अलगद ठेवला. वरून पन्नी पसरली, चारही बाजूंनी टाचणी लावली, तू लावायचास तशी. कॉम्प्युटरवर नाव टाकलं. आपल्या रिवाजाप्रमाणं पूर्ण. आधी पोराचं, मग बापाचं, मग आडनाव. मशीन सुरू केलं आणि तुझ्या स्टुलाशेजारी उभा राहिलो. अमोल झालं. मग सुई पुढं सरकली आणि बाजीराव भरायला लागली. ते संपेपर्यंत मला कुठं बघावं कळेना. लिहायला बसताना हसू नकोस म्हणालो होतो. आता काय करायचं ते कर.

मग मी तुझी बादली भरली.

टॉवेल बुचकळला. पन्नी गेली. पिळला, फाडकन झटकला, दोरीवर टाकला, सुकू दिला. दुपारी काढला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. मधल्या नावावरून दोनदा फिरवलं. एक टाका आत गेलेला नाही. चूक माझी होती, बाजी. तुला सांगायचं राहिलं होतं. हा घे टॉवेल, धुवून बघितलाय.

वाच.